मदत हवी आहे : लग्नाचा मुद्दा सोडून कोर्टात काय मागावं?

नमस्कार मंडळी. मी आणि माझी जोडीदार, आम्ही दोघी नऊ वर्षं मालवणात एकत्र राहतो. गेल्या महिन्यात तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. संमतीपत्रावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात मी 'जोडीदार' लिहिलं. रुग्णालयाने ते खोडलं आणि सहीसाठी तिच्या भावाला सावंतवाडीहून बोलावलं. तो येईपर्यंत ती कण्हत पडून होती. ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

वकील म्हणतात, लग्न मागितलंत तर उच्च न्यायालय त्यात शिरणारच नाही. मला ते पटतं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, केरळ, गुजरात उच्च न्यायालयांतल्या समलिंगी विवाहाच्या याचिका स्वतःकडे घेतल्या. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा मूलभूत हक्क नाकारला, जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचारही फेटाळला. राज्यघटनेच्या कलम १४१ प्रमाणे तो निकाल सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक. पण मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये, लग्नाशिवायही कुटुंब होतं, असं म्हटलंय ना?

मृत्युपत्रं नोंदवली आहेत. बँकेत जोडखातं, नॉमिनी झालं (समलिंगी जोडीदारांना याला बंदी नाही, हा केंद्राचा २८ ऑगस्ट २०२४ चा खुलासा दाखवल्यावर). नोटरीकडचं अधिकारपत्र रुग्णालयाने हातातही घेतलं नाही. घरच्यांचा विरोध नाही. सिंधुदुर्गाची प्रकरणं आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात, तेवढा प्रवास जमेल.

फक्त सहीचा आणि भेटीचा हक्क मागणारी रिट (हक्कासाठी थेट उच्च न्यायालयात केलेली याचिका) खासगी रुग्णालयाविरुद्ध टिकेल का, की राज्याच्या आरोग्य विभागालाच प्रतिवादी करावं लागेल?