मदत हवी आहे - बझरबीटर: लंबूला घडवू की लीग वाचवू?

मंडळी, इथे बझरबीटर खेळणारं कोणी आहे का? आधी शोधलं पण क्रिकेट मॅनेजरवालेच धागे सापडले म्हणून नवीन काढतोय, आधीच कुठे चर्चा झाली असेल तर लिंक द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, ब्राउझरमधे चालणारा बास्केटबॉल मॅनेजमेंट गेम आहे, २००७ पासून चालू आहे. आपण खेळत नाही, टीम चालवतो. खेळाडू घ्या विका, ट्रेनिंग, पगार, स्टेडियमच्या खुर्च्या, सगळं आपल्या गळ्यात. मॅच मंगळवारी आणि शनिवारी लीगची, गुरुवारी कपची, कपमधून बाहेर पडलात तर सरावाची लावायची. चौदा आठवड्यांचा सीझन. म्हणजे पाच सीझनचं प्लॅनिंग म्हटलं की खऱ्या आयुष्यातलं एक वर्ष चार महिने गेले, घाई असणाऱ्याने या नादी लागू नये.

माझा चौथा सीझन चालू आहे, खालच्या डिव्हिजनमधे. कॉन्फरन्समधे (लीगचा अर्धा भाग) आठ टीम असतात त्यात मी सहावा. पहिले चार प्लेऑफला, पाचवा सुखात, सहावा सातवा आले की खाली जायचं का राहायचं याची सिरीज, आणि आठवा थेट खाली. म्हणजे माझ्या डोक्यावर टांगती तलवार आहेच.

आता मूळ प्रॉब्लेम. मागच्या ड्राफ्टमधे (नव्या पोरांची टीममधे वाटणी) मला एक पोरगं मिळालं, वय तेव्हा १८, आता १९, उंची सहा फूट अकरा इंच, पोटेन्शियल (किती वर जाऊ शकतो ती मर्यादा) परेनिअल ऑलस्टार, म्हणजे बऱ्यापैकी वरची पातळी. गेमने दिलेलं नाव मला उच्चारता येत नाही म्हणून घरात आम्ही त्याला लंबू म्हणतो (बायको विचारते आज लंबू जेवला का). एवढ्या उंचीचा म्हणजे सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) हे सरळ आहे. पण जुन्या खेळाडूंच्या सगळ्या पोस्टमधे एकच म्हणणं दिसतं, की उंच पोराला आधी हँडलिंग (बॉल सांभाळणं), ड्रायव्हिंग (बॉल घेऊन आत घुसणं), पासिंग शिकवा आणि आतलं म्हणजे इनसाइड शॉट, इनसाइड डिफेन्स, रिबाउंडिंग मागाहून. कारण असं की पगार खेळाडूच्या सगळ्यात भारी पोझिशनवरून ठरतो, नुसता आतला माल भरला तर सेंटरचा पगार असा वाढतो की तो घडेपर्यंत आपणच भिकेला लागतो, आणि गार्डची, म्हणजे बाहेरून खेळणाऱ्याची, स्किल्स सेंटरमधे टाकली तर खेळ सुधारतो पण पगार तेवढा हलत नाही. शिवाय उंच पोरं गार्डची स्किल्स मुळातच हळू शिकतात आणि वय वाढलं की आणखी हळू, म्हणजे शिकवायची तर आत्ताच.

पटलं. पण ट्रेनिंगचा नियम असा की जे शिकवायचंय त्या पोझिशनवर आठवड्यात ४८ मिनिटं खेळला पाहिजे तरच पूर्ण फायदा. पासिंग शिकवायचं तर लंबू पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ चालवणारा). गेल्या शनिवारी लावला. बोर्डवर बघत होतो, दुसऱ्या क्वार्टरपर्यंत त्याने सात वेळा बॉल घालवला होता, समोरचा साडेपाच फुटी गार्ड त्याच्या हातातून अक्षरशः काढून नेत होता, आणि इकडे माझा खरा पॉइंट गार्ड बाकावर बसून पगार खात होता. २३ ने हरलो. हरायचं कोणाशी तर सातव्या नंबरवाल्याशी!

त्यात अजून दोन पोरं आहेत शिकायला, दोघेही गार्ड, १९ आणि २०. आठवड्यात तीन मॅच म्हणजे एका पोझिशनची १४४ मिनिटं, भागिले ४८ म्हणजे बरोबर तीन जण. गणित सुंदर बसतं, फक्त त्या गणितात माझी टीम बसत नाही.

तर प्रश्न असे की लंबूला दोन सीझन बाहेरचं शिकवून लीगमधे खाली गेलो तरी चालेल असं धरायचं का? का सरळ सेंटर लावून आत्ता जिंकायचं? आणि माझा ३२ वर्षांचा सेंटर, आठवड्याला २८ हजार घेतो, अजून टीममधला सगळ्यात भारी तोच, तो आत्ता विकू का? स्टेडियम वाढवायचंही डोक्यात आहे पण ते नंतर. ट्रेनर चौथ्या लेव्हलचा आहे. जाणकारांनी कृपया सांगावे, आणि "सोडून दे" हा सल्ला घरातून मिळालेला आहे.

-- बाकावरचा_बारावा

उंबरठ्यावरचा_गार्ड: जा खाली बिनधास्त. एनबीएमधल्या (अमेरिकेतली खरी बास्केटबॉल लीग) फिलाडेल्फियाने काय केलं, २०१५-१६ ला ८२ पैकी १० मॅच जिंकल्या, बाकी ७२ हरले, आणि एम्बीड नावाच्या सेंटरला २०१४ लाच घेऊन ठेवला होता जो पायाच्या दुखापतीमुळे पहिले दोन सीझन खेळलाच नाही. धीर धरला म्हणून मिळाला ना. लंबू तुझा एम्बीड आहे.

कोपऱ्यातून_थ्री: वरच्यांशी असहमत. एनबीएमधे खाली जाणं हा प्रकारच नाही हो, हरलात तर उलट पुढच्या ड्राफ्टमधे वरचा नंबर लागायची शक्यता वाढते. इथे खालच्या डिव्हिजनला गेलात की उत्पन्न पडतं, आणि उत्पन्न पडलं की ट्रेनरचा पगार निघत नाही, मग लंबूला शिकवणार कोण. फिलाडेल्फियाचं उदाहरण इथे लावू नका. त्यापेक्षा एनबीएचीच सॅन अँटोनियो टीम बघा, जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टला ५७ वा, पार्कर २००१ ला २८ वा, दोघांनाही जिंकणाऱ्या टीममधेच घडवलं कारण मधे डंकनसारखा मुरलेला मोठा खेळाडू उभा होता. तुमचा डंकन म्हणजे तो ३२ वर्षांचा म्हातारा. त्याला या सीझनला हात लावू नका. विकून काय मिळणार, त्या वयाला भाव कोण देतंय.

रिबाउंडकाकू: बारावा भाऊ, तुम्ही आणि हे दोघं उगाच एवढं ताणताय. कपमधून बाहेर आहात का तुम्ही? असाल तर गुरुवारची सरावाची मॅच कशासाठी असते! तिथे लंबूला पूर्ण ४८ मिनिटं पॉइंट गार्ड खेळवा, त्याचा बदली रिकामा ठेवा आणि ऑर्डर देताना डेप्थ चार्ट (कुठे कोण आणि बदली कोण याची यादी) काटेकोर पाळा हा पर्याय निवडा. एका मॅचमधे त्याचं ट्रेनिंग संपलं. मंगळवार शनिवार तुमचे दोघं गार्ड पॉइंट गार्डवर ४८-४८, ते तिथलेच आहेत तर टीम कोसळत नाही. लंबूला लीगमधे सेंटरला म्हाताऱ्याच्या मागे दहा-पंधरा मिनिटं द्या फक्त, आठवड्याची एकूण मिनिटं साठ-सत्तरच्या पुढे फार गेली की गेम शेप (खेळाडूचा फॉर्म) बिघडतो, तो बिघडला की कितीही स्किल असो खेळाडू ढेपाळतो.

दुसरं म्हणजे सगळं पॉइंट गार्डवरच शिकवावं लागत नाही. वन ऑन वन हे ट्रेनिंग फॉरवर्डना (गार्ड आणि सेंटरच्या मधले) पण देता येतं. त्यात हँडलिंग आणि ड्रायव्हिंग दोन्ही वाढतं आणि लंबू पॉवर फॉरवर्डला उभा राहून काही तुमचं नाक कापणार नाही. मी माझ्या सेंटरला असंच केलं, आधी एक सीझन वन ऑन वन, मधेमधे पासिंग, मग आतलं. पासिंगचे आठवडे मात्र गुरुवारी सोसायचे. आणि सीझन संपल्यावर नवा पगार लागतो तेव्हा घाबरू नका, तो वर्षातून... म्हणजे सीझनमधून एकदाच बदलतो.

उंबरठ्यावरचा_गार्ड: काकू +१. मी माझं म्हणणं अर्धं मागे घेतो.

बाकावरचा_बारावा: काकू दंडवत! हो कपमधून पहिल्याच फेरीत बाहेर आहे, आणि मी तीन आठवडे गुरुवारी माझे पहिले पाच जण खेळवत होतो, कशासाठी ते विचारू नका. म्हाताऱ्याला बाजारातून परत काढता येणार नव्हतं पण नशिबाने अजून लिस्ट केला नव्हता.

काल ऑफिसमधून येताना ट्रेनमधे उभ्यानेच ऑर्डर लावली, लंबू पॉइंट गार्ड, बदली रिकामा. आज सकाळी बघितलं तर मॅच ३१ ने हरलो, ते ठीक आहे, सरावाचीच होती. पण लंबूसाहेब फाउल आउट झाले (फाउलची मर्यादा संपली) आणि ४१ मिनिटांवर बाहेर. आता उरलेली सात मिनिटं शुक्रवारच्या ट्रेनिंगच्या आधी कुठून आणू, मॅच तर शनिवारी आहे. ४१ ला ट्रेनिंग किती कमी बसतं कोणी मोजलंय का? आणि पुढच्या गुरुवारी समोरची टीम निवडताना कमी आक्रमक गार्डवाली बघून निवडली तर फाउल कमी पडतील का, का हे माझं मनाचं समाधान?