खाडीवरचे दिवे, सैन्याची चौकशी आणि माझ्या वडिलांचे पत्र

करावेकरीण

काल या चर्चामंचावर एका सदस्यांनी लिहिले की, आकाशात काहीतरी दिसले म्हणून सैन्याला पत्रे धाडणाऱ्या रिकामटेकड्या लोकांकडून चौकशीचा खर्च वसूल केला पाहिजे. ज्या पत्रावरून हे लिहिले गेले, ते माझ्या वडिलांचे आहे. अक्षर माझे, शब्द त्यांचे. म्हणून सविस्तर उत्तर देत आहे.

माघ अमावस्येच्या रात्री साडेअकराच्या सुमारास बाबा होडीचा दोर सैल करायला नवी मुंबईतल्या करावेच्या जेट्टीवर गेले होते. खाडीच्या अंगाने नऊ-दहा फिकट, तांबूस ठिपके कोयत्याच्या आकारात सरकत आले आणि पंधरा अंक मोजेपर्यंत एनआरआय या निवासी संकुलाच्या मागच्या बाजूला नाहीसे झाले. आवाज अजिबात नव्हता. तासाभरात असे तीनदा घडले. समोर तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, अणुसंशोधन केंद्र आहे, हे आम्हा खाडीकाठच्या लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. २००८ साली अतिरेकी समुद्रमार्गे आले, तेव्हापासून प्रत्येक बैठकीत कोळ्यांना हेच सांगितले जाते की तुम्ही आमचे डोळे आणि कान आहात, वेगळे काही दिसले तर कळवा. बाबांनी कळवले. चौकीतल्या माणसाने विचारले, "बाबा, किती घेतली होती?" बाबांच्या गळ्यात गेली बत्तीस वर्षे तुळशीची माळ आहे. ते काहीही न बोलता घरी आले, माळ सदऱ्याच्या आत सरकवली आणि मला म्हणाले, "तू आता वर लिही." सैन्याला लिहिलेल्या त्या पत्राला आजतागायत पोचही आलेली नाही.

सैन्याने या दिव्यांची चौकशी करावी, हे आमचे मागणे आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

घोडबंदरवासी

ते वाक्य माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे. तुमच्या वडिलांचा अपमान झाला असेल तर ते वाईटच झाले. पण अपमान हा एक विषय आहे आणि सैन्याचा वेळ हा दुसरा. अमेरिकेच्या हवाई दलाने १९५२ ते १९६९ या काळात 'प्रोजेक्ट ब्लू बुक' या नावाने नेमके हेच काम केले. १२,६१८ नोंदी तपासल्या, त्यांतल्या ७०१ अखेरपर्यंत उलगडल्या नाहीत आणि एकीतही देशाला धोका आढळला नाही, म्हणून प्रकल्प बंद केला. ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अशा तक्रारी घेणारे टेबल २००९ मध्ये उठवले, कारण पन्नासहून अधिक वर्षांत एकाही तक्रारीतून संरक्षणाच्या दृष्टीने उपयोगाचे काही निघाले नव्हते. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी हात टेकले, तर आपण तोच घाट पुन्हा का घालावा?

आमच्या घोडबंदर रस्त्यावर लग्नसराईत दर शनिवारी सभागृहांवर ड्रोन फिरतात. खिडकीत येऊन घिरट्या घालतात, माझी आई पडदे ओढून बसते. त्याची चौकशी कोणी करत नाही. उद्या प्रत्येक ड्रोनमागे हवाई दल धाडायचे का?

कोपरीकर

घोडबंदरवासी, तुम्ही ७०१ हा आकडा फार सहज ओलांडलात. हवाई दलाचा मुख्य भर उत्तर शोधण्यावर नव्हता, धोका आहे की नाही हे पाहण्यावर होता. धोका नाही असे ठरले की त्यांच्या लेखी फाइल संपली, मग पाहणाऱ्या माणसाच्या मनातला प्रश्न तसाच राहिला तरी चालेल. पण रडार त्यांच्याकडेच आहेत! अमावस्येच्या रात्री साडेअकराला खाडीवर काय उडत होते, हे जर कोणाच्या यंत्रावर उमटले असेल, तर ते माझ्या किंवा तुमच्या यंत्रावर उमटलेले नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी इंफाळ विमानतळावर आकाशात काहीतरी दिसले. विमानतळ काही तास बंद राहिला, हवाई दलाने आपली यंत्रणा कार्यान्वित केल्याचे जाहीर केले आणि राफेल विमाने शोधासाठी गेल्याच्या बातम्या आल्या. काही सापडले नाही. तेव्हा खर्च वसूल करा असे कोणी म्हटले नाही. विमानतळावरच्या माणसाला दिसले तर राफेल आणि कोळ्याला दिसले तर 'किती घेतली होती', हा भेद तुम्हाला खरोखर योग्य वाटतो का?

नेरूळचा खगोलप्रेमी

मी वीस वर्षे दुर्बीण घेऊन गच्चीवर बसतो, म्हणून तिसरी बाजू मांडतो. सैन्याचे डोळेही फसतात. लडाखमध्ये ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात आपल्या जवानांनी सीमेपलीकडून येणाऱ्या प्रकाशांच्या ३२९ नोंदी केल्या. ते चिनी ड्रोन असावेत अशी शंका होती. शेवटी भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना बोलवावे लागले, आणि ते प्रकाश गुरू व शुक्र निघाले. यात जवानांची निंदा नाही. त्या उंचीवर, त्या विरळ हवेत ग्रह किती प्रखर दिसतो हे ज्याने पाहिले आहे त्याला ते कळेल. मुद्दा असा, की उत्तर रडारने दिले नाही, आकाश ओळखणाऱ्या माणसाने दिले. चंद्रपूरच्या लाडबोरीत २ एप्रिल २०२२ रोजी, ऐन गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, धातूचे मोठे कडे कोसळले, तेव्हाही पाहणीला इस्रोचे लोक आले होते आणि ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे मानले गेले.

तुमच्या वडिलांनी पाहिलेले दिवे उपग्रहांची माळ नव्हती, एवढे मी खात्रीने सांगतो. कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह रात्री साडेअकराला आपल्या अक्षांशावर पृथ्वीच्या सावलीत असतात. नव्या विमानतळाची विमानेही नसावीत, कारण ती कोयत्याच्या आकारात एकत्र उडत नाहीत. माझ्या मते ते रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, होते.

अमेरिकेत टेक्सासमधल्या लबक गावी ऑगस्ट १९५१ मध्ये महाविद्यालयातल्या काही प्राध्यापकांना घराच्या मागच्या अंगणातून वीस-तीस दिव्यांचा असाच अर्धगोल सरकताना दिसला होता. हवाई दलाचे कॅप्टन एडवर्ड रूपेल्ट चौकशीला गेले. गावात नुकतेच नवे रस्तादिवे लागले होते, आणि त्यांचा उजेड टिटवीच्या कुळातल्या पक्ष्यांच्या पोटावर पडून तो भास झाला, असे एक स्पष्टीकरण पुढे आले. आपल्याकडे पाम बीच रस्ता रात्रभर उजळलेला असतो आणि रोहिताचे पोट पांढरे-गुलाबी असते.

करावेकरीण

खगोलप्रेमी, तुम्ही अभ्यासू आहात हे मान्य आहे, पण हे वाचून मी रात्रभर झोपले नाही. माझे वडील खाडीत वाढले. रोहित पक्षी इकडे मोठ्या संख्येने येऊ लागले ते गेल्या तीसेक वर्षांत, म्हणजे ते आले तेव्हा बाबा येथे होतेच. कॅमेरे घेऊन रविवारी येणाऱ्या लोकांना बाबांनीच होडीतून नेऊन दाखवले आहे की कोणता थवा कोठे उतरतो. त्या माणसाला तुम्ही सांगता की त्याला पक्षी ओळखता आला नाही! शिवाय रोहित उडताना गप्प नसतो. बदकासारखा, पण अधिक घोगरा ओरडतो. बाबांनी आवाज नव्हता असे तीनदा सांगितले आहे.

आणि दिव्यांचे म्हणाल तर, आमची खाडी काळोखी होती तेव्हा आम्हाला आकाशातले सगळे ओळखता येत होते. दिवे आम्ही लावले नाहीत.

ऐरोलीकर

ताई, राग समजू शकतो, तरीही एक सांगतो. ऐरोलीच्या पुलाजवळ राहतो. मागच्या वर्षी मार्चमध्ये वडिलांना रुग्णालयातून घरी आणताना रात्री दहानंतर पुलाच्या दिव्यांवरून असाच एक पट्टा गेला. चालकाने गाडी थांबवली. आम्ही तिघे काचा बंद करून बसलो होतो, आत वातानुकूलन चालू होते, आणि पट्टा पूर्ण शांत होता. वडील म्हणाले, "काच खाली कर." काच खाली केली आणि घोगरा आवाज कानावर आला. काच बंद असती तर मी आजही शपथेवर सांगितले असते की आवाज नव्हता.

हे पक्षी रात्रीच उडतात हे विसरू नका. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरला विमानाच्या धडकेने जवळजवळ चाळीस रोहित मेले, तेही अंधारातच उडत होते. दुसऱ्या दिवशी आमच्या इमारतीतल्या शाळकरी मुलीने एक पीस आणून दाखवले होते. काळी कड आणि आत गुलाबी. ते मी विसरलेलो नाही.

घोडबंदरवासी

म्हणजे पक्षी निघाले. मग माझे म्हणणे काय चुकले? हवाई दलाने खाडीवर पक्षी मोजायला जायचे का?

कोपरीकर

पक्षी 'निघाले' नाहीत, पक्षी असावेत असे एका गृहस्थांनी घरबसल्या म्हटले आहे. चौकशीच्या इतिहासातले सगळ्यात मोठे दुखणे हेच आहे. मार्च १९६६ मध्ये मिशिगनमध्ये शंभराहून अधिक लोकांनी दिवे पाहिले, तेव्हा हवाई दलाचे सल्लागार खगोलशास्त्रज्ञ ॲलन हायनेक यांनी काही नोंदींसाठी दलदलीतला वायू असे कारण सुचवले. लोक इतके संतापले की त्या राज्यातून निवडून आलेले जेराल्ड फोर्ड, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी संसदेत चौकशीची मागणी केली. स्पष्टीकरण कदाचित चूक नसेलही. पण दलदलीच्या काठी ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना ते ज्या पद्धतीने सांगितले गेले ते सोसवले नाही.

आणि लबकचे पुढे काय झाले तेही सांगा ना! रूपेल्ट यांनी १९५६ साली आपल्या पुस्तकात लिहिले की ते पक्षी नव्हते. कोड्याचा उलगडा झाला आहे, गोष्ट अगदी साधी आणि नैसर्गिक आहे, परंतु उलगडा करणाऱ्या शास्त्रज्ञाला नाव गुप्त ठेवण्याचे वचन दिल्यामुळे आपण ती सांगू शकत नाही, असेही त्यांनी लिहिले. ज्या प्राध्यापकांनी ते दिवे पाहिले त्यांनी यावर काय करायचे? 'आम्हाला कळले आहे, तुम्ही निश्चिंत राहा' हे उत्तर नव्हे. जानेवारी १९४८ मध्ये केंटकीत लोकांच्या तक्रारींवरून वैमानिक कॅप्टन मँटेल आपले विमान त्या वस्तूमागे आणखी वर घेऊन गेले आणि कोसळून मेले. आधी सांगितले शुक्र होता, आणि नंतर लक्षात आले की तो बहुधा नौदलाचा गुप्त फुगा होता, ज्याची माहिती चौकशी करणाऱ्यांनाच नव्हती. सैन्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. त्यांच्याकडची नोंद आम्हाला दाखवा, एवढेच म्हणतो.

नेरूळचा खगोलप्रेमी

लबकबद्दलची दुरुस्ती स्वीकारतो. मी अर्धीच गोष्ट सांगितली, ती पूर्ण सांगायला हवी होती. तरी पक्ष्यांचा मुद्दा सोडत नाही, आणि तो का सोडत नाही ते करावेकरीण ताईंच्या पहिल्या मजकुरातच आहे. बाबा होडीचा दोर सैल करायला गेले होते. दोर सैल का करावा लागतो? पाणी चढत होते म्हणून. अमावस्येला आपल्याकडे बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते, आणि त्या दिवशी उधाण. चिखल पाण्याखाली गेला की रोहितांना उभे राहायला जागा उरत नाही, मग ते खाडी सोडून एनआरआय संकुलामागच्या पाणथळीत येतात. दिवे नेमके तेथेच नाहीसे झाले.

मी बाबांना चूक ठरवत नाही. ब्लू बुकच्या काळात साक्षीदाराला छापील प्रश्नावली देत. हात लांब करून धरलेल्या नाण्याच्या किंवा वाटाण्याच्या मानाने वस्तू केवढी दिसली, असेही त्यात विचारलेले असे. आपल्याकडे एकाही माणसाने बाबांना एकही प्रश्न विचारलेला नाही. मी विचारतो: वारा कोणता होता?

करावेकरीण

आज संध्याकाळी बाबांना वाचून दाखवले. भरतीचे ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. जाळ्याचा दोरा दातांनी तोडला, सुई बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मतलई होती. माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होती. आवाज माझ्यापर्यंत येणार नाही." नंतर म्हणाले, "मोजायला हवे होते तेव्हा मी पाणी मोजले, आकाश पाहताना विसरलो."

पण त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी पत्रात मी लिहिली नव्हती, चूक माझी. तिसऱ्या वेळी दिवे उलट गेले; पाणथळीकडून खाडीकडे, तेही पाणी पूर्ण भरलेले असताना. भरतीला पक्षी पाण्यावर परत का जातील, हे बाबांनाही सांगता येत नाही. तेव्हा दोन वेळचे पक्षी मी मान्य करते, तिसऱ्या वेळचे नाही. आणि घोडबंदरवासी, हे सगळे विचारायला एका माणसाला दहा मिनिटे लागली. त्यात सैन्याचा कोणता खजिना रिकामा झाला?

घोडबंदरवासी

खर्च वसूल करण्याचे वाक्य मागे घेतो. ते लिहायला नको होते. २००८ नंतर कोळ्यांना काय सांगितले गेले याचा मी विचार केला नव्हता. परंतु सैन्याने चौकशी करावी हे मला अजूनही पटत नाही. फ्रान्समध्ये १९७७ पासून हे काम अंतराळ संस्थेतल्या एका गटाकडे आहे. जबाब जाँदार्म, म्हणजे तिकडचे पोलीस, नोंदवतात, तपास शास्त्रज्ञ करतात आणि निष्कर्ष लोकांसमोर ठेवले जातात. तसे काही येथे झाले तर मी पहिली सही करीन.

कोपरीकर

ते जाँदार्म सैनिकी दलच आहे, एवढी नोंद करून ठेवतो. सहीला माझी हरकत नाही. रडारच्या नोंदीसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज मी करतो. सुरक्षेचे कलम दाखवून तो बहुधा फेटाळतील, पण फेटाळल्याचे पत्र तरी हातात येईल. बाबांच्या पत्राला तेवढेही आलेले नाही.

करावेकरीण

अर्जात तिसऱ्या वेळेची नोंद मागा. बाबांच्या अंदाजाने ती सव्वाबाराची आहे. खगोलप्रेमी, येत्या अमावस्येला साडेदहापर्यंत जेट्टीवर या, दुर्बीण आणा. ऐरोलीकर आणि घोडबंदरवासी यांनाही बाबांनी बोलावले आहे. ते म्हणाले की मतलई असली तर जेट्टीवर थांबून उपयोग नाही, होडी पाणथळीच्या पलीकडे न्यावी लागेल, म्हणजे आवाज आपल्याकडे येईल. चार माणसे बसतात.