व्हिडिओ लायब्ररी बंद होतेय : दुकान वाचवायचं की संग्रह?

निळीशाई (धागाकर्ता)

वस्तीतली व्हिडिओ लायब्ररी बंद होणार म्हटलं की सगळे हळहळतात आणि पाठोपाठ कोणीतरी म्हणतं, 'आता सगळं ऑनलाइन मिळतं की!' या दुसऱ्या वाक्याला माझा आक्षेप आहे.

भाड्याने चित्रपट देण्याचा धंदा मुळात उभा राहिला तो एका हक्काच्या जोरावर. १९७७ मध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने आपले ५० चित्रपट टेपवर विकायची परवानगी मॅग्नेटिक व्हिडिओ या कंपनीला दिली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज अ‍ॅटकिन्सन यांनी अशा टेप भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्टुडिओंना हे अजिबात रुचलं नाही, पण अमेरिकी कायद्यानुसार रीतसर विकत घेतलेली प्रत पुढे कोणाला द्यायची हे प्रतीचा मालक ठरवतो. दुकानदाराने टेप घेतली की विषय संपला. स्टुडिओचा विचार बदलला म्हणून ती फळीवरून उतरत नव्हती.

स्ट्रीमिंगमध्ये अशी प्रत कोणाच्याच हातात नसते. करार संपला की चित्रपट गायब. करार सोडा, २०२३ मध्ये डिस्नी प्लसने स्वतः बनवलेल्या कित्येक मालिका सेवेवरून काढून टाकल्या. त्यातल्या काहींची डिस्क कधी निघालीच नव्हती. त्या बघायच्या तर कुठे?

म्हणून दुकान टिकलं नाही तरी चालेल, पण त्यातला संग्रह एकत्र राहायला हवा असं माझं ठाम मत आहे. पर्याय सुचवा.

काटकोन

असहमत. तुम्ही व्हिडिओ लायब्ररीला अभिलेखागार समजताय. बहुतेक दुकानांत काय होतं? नव्या चित्रपटाच्या रांगच्या रांग प्रती, आणि सहा महिन्यांनी त्याच प्रती स्वस्तात विक्रीला. २००४ च्या आसपास ब्लॉकबस्टर या अमेरिकी साखळीची नऊ हजारांवर दुकानं होती आणि त्यांतली निवड एका साच्यातली होती. छोटी, चोखंदळ दुकानं स्ट्रीमिंग येण्याच्या कितीतरी आधी अशा साखळ्यांनीच गिळली.

हक्काचंही तुम्ही अमेरिकेपुरतं सांगताय. युरोपात १९९२ च्या युरोपीय समुदायाच्या कायदेविषयक निर्देशाने भाड्याने देण्याचा हक्क वेगळा काढून निर्मात्या-कलावंतांकडे दिला. तिथे प्रत विकत घेतली एवढ्यावर भागत नाही.

आणि दुकानापर्यंत ज्यांना जाताच येत नव्हतं त्यांचं काय? जिने चढता न येणारे, दुकान नसलेल्या गावात राहणारे. नेटफ्लिक्सने १९९८ पासून डिस्क टपालाने पाठवायला सुरुवात केली ती या लोकांसाठी वरदान होती. त्यांची निवड कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानापेक्षा मोठी होती. टेपच्या सुरुवातीच्या काळात कमी ऐकू येणाऱ्यांना लपलेली उपशीर्षकं दिसायला टीव्हीला वेगळा डिकोडर जोडावा लागे. आज बटण दाबलं की येतात. हे सगळं खिजगणतीत न घेता 'संग्रह वाचवा' म्हणणं मला पटत नाही.

निळीशाई

टपालाची डिस्क हा चांगला पर्याय होता, मान्य. पण नेटफ्लिक्सने ती सेवा २९ सप्टेंबर २०२३ ला बंद केली. म्हणजे ज्या पर्यायाची तुम्ही बाजू मांडताय तोही गेला, आणि त्यातले कितीतरी चित्रपट त्यांच्याच स्ट्रीमिंगवर नव्हते.

भिंगरी

मी अशा दुकानात काउंटरवर बरीच वर्षं काम केलंय. दुकान बंद होताना संग्रहाचं काय होतं ते लिहिते, कारण वरच्या वादात ते कोणी सांगितलेलं नाही.

ग्राहकाला फळीवर दिसतं ते रिकामं कव्हर. डिस्क काउंटरमागे, नंबर टाकलेल्या पाकिटांत. कव्हर क्रमांक अमुक म्हणजे पाकीट क्रमांक अमुक, हे जोडणारी एकच गोष्ट असते : नोंदवही, किंवा जुन्या कॉम्प्युटरमधली यादी. विक्री सुरू झाली की पहिल्या दोन दिवसांत गाजलेले चित्रपट जातात. मग कोणी मालिकेचा एकच भाग उचलतं आणि उरलेला संच निकामी होतो. मग कॉम्प्युटर विकला जातो. त्यानंतर राहतात ती हजारो नंबरची पाकिटं आणि कव्हरांचे ढीग, आणि त्यांची जोडी लावणारं कोणी नसतं. शेवटी सगळं भंगारात. जे फक्त टेपवर आलं आणि डिस्कवर कधी आलंच नाही ते सगळ्यात आधी फेकलं जातं, कारण टेप कोणी विकत घेत नाही.

आता जपण्यासारखं काय, ते ओळखायचं कसं? डिस्क दिव्याखाली तिरकी धरा. मधल्या भोकाकडून कडेकडे जाणारे ओरखडे प्लेअर बहुधा सांभाळून घेतो. गोल फिरलेला, ट्रॅकला समांतर ओरखडा वाईट, कारण त्यात सलग माहिती जाते आणि चूक दुरुस्त करायला यंत्राला काही उरत नाही. टेपच्या खिडकीतून आत बघा. गुंडाळीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. अशी टेप यंत्रात घालू नका, ती यंत्र खराब करेल आणि पुढच्या टेपलाही लागेल.

मला दुकान गेल्याचं दुःख आहेच. पण त्याहून जास्त दुःख नोंदवही गेल्याचं आहे.

ग्रंथपाल एक

भिंगरी यांचा प्रतिसाद कोणीतरी छापून दुकानदारांना वाटायला हवा.

'ग्रंथालयाला देऊन टाका' असं कोणी म्हणण्याआधी आमची बाजू ऐका. फळीची जागा, नोंदणी करणारा माणूस, खराब प्रती बदलण्याचे पैसे, हे सगळं लागतं. यादीशिवाय आलेली दहा हजार पाकिटं आम्हाला भेट वाटत नाहीत, ओझं वाटतात. कॉपी केलेल्या डिस्क तर घेताच येत नाहीत.

डिजिटल सेवा वाचकाला फुकट दिसते, पण बिल ग्रंथालयाला येतं. ग्रंथालयांमार्फत ऑनलाइन चित्रपट दाखवणाऱ्या कॅनोपीसारख्या सेवेत प्रत्येक बघण्यामागे पैसे मोजावे लागत होते. न्यूयॉर्कच्या तिन्ही सार्वजनिक ग्रंथालय संस्थांनी २०१९ मध्ये खर्च परवडत नाही म्हणून ती सेवा सोडली. जितके जास्त लोक बघतील तितकं जास्त नुकसान, अशा व्यवस्थेवर आम्ही विसंबून कसं राहायचं? डिस्क एकदा घेतली की ती कितीही जणांना देता येते. त्या बाबतीत मी निळीशाई यांच्या बाजूने आहे.

काटकोन

म्हणजे पैसे कोण भरणार हा प्रश्न तसाच राहिला. अख्खा संग्रह कोणाला तरी सोपवला म्हणजे तो वाचला असंही नाही. न्यूयॉर्कच्या किम्स व्हिडिओ या दुकानाचं उदाहरण घ्या. सुमारे ५५ हजार टेप आणि डिस्क इटलीच्या सिसिली बेटावरच्या सालेमी या गावाने मागून घेतल्या, जपण्याची आणि लोकांना बघू देण्याची हमी देऊन. त्या तिथे वर्षानुवर्षं पडून राहिल्या. जुन्या सभासदांना त्यांचा काही उपयोग झाला नाही. २०२२ मध्ये त्या न्यूयॉर्कला परत आल्या. मधली वर्षं वाया.

निळीशाई

हे उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. संग्रह फुटला नव्हता म्हणूनच तो परत येऊ शकला.

आणि चांगली उदाहरणंही आहेत. सिएटलचं स्केअरक्रो व्हिडिओ २०१४ मध्ये ना-नफा संस्था झालं, आज त्यांच्याकडे एक लाख चाळीस हजारांहून जास्त शीर्षकं आहेत. पोर्टलंडमध्ये मूव्ही मॅडनेस हे दुकान २०१७ मध्ये हॉलिवूड थिएटर या ना-नफा चित्रपटगृहाने लोकवर्गणीतून घेतलं. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकातलं व्हिडियट्स २०१७ मध्ये बंद पडलं आणि २०२३ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका जुन्या चित्रपटगृहात पुन्हा उघडलं. नुसत्या भाड्यावर यांतलं कोणीच जगत नाही. चित्रपटांचे खेळ, सभासदत्व, देणग्या असा जोड आहे. पैसे कोण भरणार, याचं उत्तर मला इथे दिसतं.

सांजवेळ

एक मुद्दा राहिला. दुकानात मी काय नेलं हे एका वहीत असायचं. १९८७ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश रॉबर्ट बोर्क यांनी भाड्याने नेलेल्या टेपची यादी एका साप्ताहिकाने छापली, त्यावर एवढा गदारोळ झाला की १९८८ मध्ये अशा नोंदी जपण्यासाठी खास कायदा आला. आज स्ट्रीमिंग सेवेला मी कुठे थांबले, कुठला प्रसंग पुन्हा बघितला, सगळं कळतं. मला तरी वहीच बरी वाटते.

काटकोन

मोठ्या शहरांतली तीन-चार नावाजलेली दुकानं म्हणजे पर्याय नव्हे. लहान वस्तीत ना चित्रपटगृह आहे ना देणगीदार. तिथे मी एवढंच म्हणेन : यादी करा, जे इतर कुठेही मिळत नाही तेवढं बाजूला काढा, ते जवळच्या ग्रंथालयाला द्या. बाकीचं विकू द्या. दुकानदारालाही कर्ज फेडायचं असतं, त्याच्या डोक्यावर आपल्या संस्कृतिरक्षणाचं ओझं का?

निळीशाई

दुकानदाराला मोबदला मिळालाच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण 'इतर कुठेही मिळत नाही' हे आज कोण ठरवणार? आज तीन सेवांवर असलेला चित्रपट पुढच्या वर्षी एकीवरही नसेल. तुमच्या चाळणीतून तो आजच खाली पडेल.

भिंगरी

तुमची चाळणी ठरेपर्यंत विक्री सुरू झालेली असेल. कोणाच्या वस्तीत दुकान बंद होत असेल तर आजच मालकाला भेटा आणि यादीची एक प्रत मागून घ्या. कॉम्प्युटरमध्ये असेल तर फाइल, वही असेल तर पानांचे फोटो. तेवढं कुठलाही मालक देतो. काय ठेवायचं, काय विकायचं यावर मग सावकाश भांडता येईल.