कोकणात क्रॅबॲपल बोन्साय : पावसाळ्यापूर्वी छाटणी करावी का?

प्रश्न – अंगणमाळी, दापोली

गेल्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील एका रोपवाटिकेतून क्रॅबॲपलचे (सफरचंदाच्या कुळातील लहान फळांच्या झाडाचे) बोन्साय मागवले होते. आले तेव्हा त्यावर बोराएवढी लाल फळे होती. ती यथावकाश गळून गेली. मार्चपर्यंत झाड निष्पर्ण राहिले. त्यानंतर केवळ शेंड्यांवरचे डोळे (अंकुर) फुटून लांब, सडपातळ फांद्या निघाल्या. फांद्यांचा खालचा भाग अद्याप उघडाच आहे आणि फुलांचा तर मागमूसही नाही. पावसाळ्यापूर्वी या फांद्या कडक छाटल्या, तर खालून फुटवे येतील का, आणि पुढील वर्षी फुले मिळावीत यासाठी छाटणी नेमकी केव्हा करावी, याबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – जांभा

आपण वर्णन केलेली लक्षणे छाटणीच्या उणिवेची नसून अपुऱ्या थंडीची आहेत. सफरचंदाच्या कुळातील झाडे हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात आणि साधारण ७ अंश सेल्सिअसखालील थंडी ठराविक तास मिळाल्याशिवाय त्यांचे डोळे नीट उघडत नाहीत. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना अशी थंडी ८०० ते १,२०० तास लागते, आणि बहुतेक क्रॅबॲपलची गरजही कमी नसते. थंडी अपुरी पडली की झाड उशिरा जागे होते, शेंड्याचे डोळे तेवढे फुटतात आणि बाजूचे निजलेले राहतात.

रत्नागिरीत जानेवारीतील सरासरी किमान तापमान १८-१९ अंशांच्या आसपास असते. दापोलीला लोक कौतुकाने मिनी महाबळेश्वर म्हणतात आणि तेथील पारा खरोखरच बराच खाली उतरतो. परंतु काही पहाटेच्या गारव्याने शेकडो तासांचा हिशोब पुरा होत नाही. शिवाय, आपल्याकडे आलेली फळे हिमाचलातील थंडीवर धरलेली होती, हेही ध्यानात घ्यावे.

उत्तर २ – कुंडीतले रान

निदान पटले, तरी छाटणीच्या प्रश्नाचे उत्तर स्वतंत्रपणे द्यायला हवे, कारण ते थंड प्रदेशात झाड ठेवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

क्रॅबॲपलची फुले प्रामुख्याने जुन्या लाकडावरील आखूड, गाठाळ फांद्यांवर येतात. बागायतदार त्यांना स्पर म्हणतात. पुढील वसंतातील फुलांचे डोळे आदल्या उन्हाळ्यातच, म्हणजे साधारण जून-जुलैमध्ये, आतल्या आत तयार होऊ लागतात. त्यामुळे फुले ओसरताच फांद्या दोन-तीन डोळ्यांवर आखूड करणे आणि नंतरच्या वाढीला काही आठवडे मोकळीक देऊन ती पुन्हा मागे घेणे, हा मुख्य क्रम ठरतो. उन्हाळा संपत आल्यावर सरसकट कात्री चालवली, तर पुढल्या वर्षीची फुलेच कापली जातात. मोठ्या फांद्या काढायच्या असल्यास ते काम हिवाळ्याच्या अखेरीस करावे. तेव्हा गोल, फुगीर फुलांचे डोळे आणि बारीक, फांदीला चिकटून बसलेले पानांचे डोळे नजरेने वेगळे ओळखता येतात. कुंडी बदलणेही डोळे फुगण्यापूर्वीच उरकावे.

फळांविषयी दोन गोष्टी. अनेक जातींना फळधारणेसाठी जवळपास दुसऱ्या जातीच्या क्रॅबॲपलचे किंवा सफरचंदाचे परागकण लागतात, त्यामुळे एकटे झाड फुलूनही रिते राहू शकते. फळे धरलीच, तर सगळी ठेवू नयेत. लहान कुंडीतील झाड त्या भाराने थकते आणि पुढील वर्षी फुलत नाही. खताच्या बाबतीत फळ धरेपर्यंत हात आखडता ठेवावा आणि नत्र एरवीही बेताचेच द्यावे. अन्यथा आपण लिहिल्या तशाच लांबलचक फांद्या निघतात, मग थंडी मिळालेली असो वा नसो.

आपल्या झाडावर आता कडक छाटणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाने मोजकी असताना तीच कापली, तर झाड अन्न कशावर तयार करणार? शेंडे तेवढे हलके खुडावेत.

उत्तर ३ – देवगडचा बागायतदार

थंडीशिवाय सफरचंद फळतच नाही, असे मात्र नाही. इंडोनेशियात, पूर्व जावातील बाटू परिसरात, हिवाळा नसतानाही सफरचंदाच्या बागा आहेत. तेथे फळे उतरवल्यावर मजूर झाडाची पाने हातांनी ओरबाडून काढतात आणि फांद्या आडव्या वाकवतात. झाड गाढ सुप्तावस्थेत जाण्याआधीच त्याला पुन्हा फुटायला भाग पाडले जाते आणि वर्षाला दोन पिके घेता येतात. आपल्या डाळिंब उत्पादकांना यात नवल वाटणार नाही. पाणी तोडून ताण देणे, पानगळ करणे आणि मग बहार (फुलोरा) धरणे हे त्यांचे नेहमीचेच काम आहे. एखाद्या सशक्त झाडावर हा प्रयोग करून पाहायला काय हरकत आहे?

अंगणमाळी, दापोली

सर्वांचे आभार. पानगळीचा प्रयोग मोहात पाडणारा आहे. तो पावसाळ्यानंतर करावा का? आणि झाड पावसात कसे सांभाळावे?

उत्तर ४ – जांभा

बाटूच्या बागा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० ते १,२०० मीटर उंचीवर आहेत, तेथील रात्री गार असतात आणि झाडे जमिनीत खोल रुजलेली आहेत. दमलेल्या, उथळ कुंडीतील झाडाची पाने ओरबाडणे हा जुगार आहे. वर्षभर त्याला बळ धरू द्यावे. फांद्या दाट झाल्या, तरच पुढील ऑक्टोबर-नोव्हेंबरात एखाद्या फांदीपुरते करून पाहावे.

पावसाळ्यात मुळे कुजण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. विटांचे चाळलेले तुकडे आणि जाड वाळू यांचे प्रमाण वाढवावे. मात्र वाळू नदीची असावी, किनाऱ्यावरची नको, कारण तिच्यातील मीठ मुळांना मारते. माती आत्ता पूर्ण बदलू नये. कुंडी विटांवर ठेवून एका बाजूने किंचित कलती करावी आणि झड थेट बसणार नाही, पण उजेड मिळेल, अशा पडवीच्या कडेला ठेवावी. पानांवर काळपट ठिपके दिसताच ती पाने काढून जाळावीत.

फुले आणि फळे हाच हेतू असेल, तर त्याच्या शेजारी करवंद लावून पाहावे, असे सुचवतो. खोड लवकर जुनाट दिसते, शुभ्र फुले येतात आणि एप्रिल-मेमध्ये फळे धरतात. फुले फांद्यांच्या टोकांशी येत असल्याने येथेही छाटणीची वेळ महत्त्वाची आहे: फळे संपताच जूनमध्ये छाटावे, दिवाळीनंतर शेंड्यांना हात लावू नये. छाटताना चीक बराच गळतो. बुटक्या जातीचे डाळिंबही कुंडीत सहज फुलते. अडचण एवढीच की आपल्या दमट हवेत त्याच्या फळांवर डाग पडतात, म्हणून त्याचा बहार पावसाळ्यात न धरता जानेवारीत धरावा.