देणगी मोठ्या नावाच्या संस्थांनाच का?

नीराकाठ

गेल्या आठवड्यात 'पवईकर' यांनी या चर्चामंचावर लिहिले की, माजी विद्यार्थी आयआयटीला कोट्यवधी रुपये देतात कारण त्या संस्थेने ते कमावले आहेत, आणि ज्या महाविद्यालयांना त्यांचे स्वतःचे विद्यार्थीच देणगी देत नाहीत, त्यांनी सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपली गुणवत्ता तपासावी. तालुक्याच्या गावातील अनुदानित महाविद्यालयात लेखापाल म्हणून नोकरी केलेल्या माझ्यासारखीला हे विधान मुकाट्याने वाचून सोडून देता येत नाही.

नंदन निलेकणी यांनी जून २०२३ मध्ये आयआयटी मुंबईला ३१५ कोटी रुपये दिले आणि आधीचे ८५ कोटी धरून त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली. त्याच वर्षी तिथल्याच १९९८ च्या तुकडीने रौप्यमहोत्सवानिमित्त ५७ कोटी दिले. २०२४ मध्ये कृष्णा चिवुकुला यांनी आयआयटी मद्रासला २२८ कोटी दिले. या दात्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु या आकड्यांवरून गुणवत्ता मोजायची असेल, तर आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेले विद्यार्थी काय होतात तेही पाहावे लागेल. ते प्राथमिक शिक्षक होतात, तलाठी होतात, पोलिसात जातात, बँकेत कारकून होतात, आणि त्यांतील बहुतेक जण आपल्या घराण्यातले पहिले पदवीधर असतात. त्यांनी दिलेल्या पाचशे रुपयांच्या पावत्या मी स्वतः फाडल्या आहेत. त्यांची बातमी कधी झाली नाही, पण त्या देणग्या नव्हत्या असे कोणी म्हणू नये.

अनुदानित महाविद्यालयात शासन मंजूर पदांचे वेतन देते. शुल्क आमच्या हाती नसते आणि वेतनेतर अनुदान इतके तुटपुंजे असते की प्रयोगशाळेतील रसायने, नियतकालिके आणि वीजबिल यांपैकी या महिन्यात कशाला कात्री लावायची, हाच प्रश्न उरतो. अशा ठिकाणी एखादा दाता येतो तो वास्तू बांधण्यासाठी. आमच्याकडे देणगीतून भाषा प्रयोगशाळा झाली, ग्रॅनाइटवर नाव कोरले गेले, संगणकांची नोंद डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, झाली, आणि बॅटऱ्या बदलायला व देखभालीचा करार करायला पैसा नसल्याने दोन वर्षांत त्या खोलीला कुलूप लागले. देणगी माणसांसाठी आणि नित्याच्या खर्चासाठी मिळावी, आणि जिथे तिची गरज आहे तिथे ती जावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

पवईकर

आपला संताप मी समजू शकतो, पण आपण माझ्या मुद्द्याला बगल दिली आहे. तुकडीचे ५७ कोटी रौप्यमहोत्सवाच्या दिवशी आकाशातून पडत नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या संपर्कासाठी संस्थेत स्वतंत्र अधिष्ठाता आणि कार्यालय आहे, अमेरिकेतील देणग्यांसाठी १९९६ पासून तिथे नोंदलेली आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन आहे, आणि समारंभाच्या बऱ्याच आधीपासून तुकडीतील एकेकाला दूरध्वनी जातो. आपल्या महाविद्यालयात १९९८ साली पदवीधर झालेल्यांची यादी पत्त्यांसह उपलब्ध आहे का? माजी विद्यार्थी संघाची बैठक महाविद्यालयांची गुणवत्ता जोखणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाच्या तोंडावर सोडून इतर वेळी होते का?

महर्षी कर्वे यांनी सत्तरी ओलांडल्यावर महिला विद्यापीठाच्या निधीसाठी युरोप, अमेरिका आणि आफ्रिकेचा दौरा केला. त्यांना मागण्यात कमीपणा वाटला नाही. वास्तूवरील नावाचा आपल्याला जो तिटकारा आहे, तोही मला पटत नाही. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले, आणि मनोऱ्याला आईचे नाव मागितले, म्हणून तो आज राजाबाई टॉवर आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० मध्ये कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला, म्हणजे आजच्या एसएनडीटीला, पंधरा लाख दिले तेही आईच्या नावासाठीच, आणि त्या नावाने आजवर लाखो मुली शिकल्या. रुईया, पोद्दार, वाडिया, गरवारे ही सगळी दात्यांचीच नावे आहेत.

तासिकेवरचा

दोघेही सुखवस्तू देणग्यांविषयी बोलत आहात. महाराष्ट्रातील सामान्य घरात 'डोनेशन' म्हटले की काय आठवते, याचा उच्चार कोणी करणार आहे की नाही? १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. १९८७ मध्ये प्रवेशासाठी ठरलेल्या शुल्काबाहेर पैसे (कॅपिटेशन फी) घेण्यास बंदी करणारा कायदा राज्याने केला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहिनी जैन प्रकरणात अशी वसुली बेकायदा ठरवली. त्यानंतरही माझ्या वडिलांनी माझ्या प्रवेशासाठी पाटाखालची जमीन गहाण ठेवली. पैसे कार्यालयात न घेता संस्थेच्या एका विश्वस्ताच्या दुकानात घेतले, आणि पावती मागितल्यावर 'मुलाचा प्रवेश हवा आहे ना?' एवढेच उत्तर मिळाले. आता त्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी संघ मला दरवर्षी 'आपल्या मातृसंस्थेचे ऋण फेडा' असे पत्र पाठवतो. ऋण कोणाचे कोणावर आहे?

आज मी दुसऱ्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. मानधन महिनोन्महिने थकते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच मिळत नाही. पवईकर म्हणतात त्याप्रमाणे दूरध्वनी करून देणगी मागायची झाली, तर ते कामही आम्हा तासिकावाल्यांच्याच गळ्यात पडेल.

गोदातीर

माझे आजोबा एका शिक्षण संस्थेचे संस्थापक सदस्य होते, म्हणून हे वाचून गप्प राहणे शक्य नाही. प्रत्येक संस्थाचालकाला दरोडेखोर ठरवण्याची ही रीत आता पुरे झाली. फर्ग्युसनचे आजीव सदस्य तुटपुंज्या पगारावर वीस वीस वर्षे शिकवत राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, विकले. त्या परंपरेला आपण एका विश्वस्ताच्या दुकानाच्या पायरीवर आणून उभे करता, याचे मला दुःख होते.

तासिकेवरचा

लक्ष्मीबाईंचे नाव घेऊन आजच्या विश्वस्तांना आडोसा देऊ नका. त्यांनी स्वतःचे मंगळसूत्र विकले, आणि माझ्या आईचे मात्र दुसऱ्यांनी विकायला लावले. आपल्या आजोबांच्या संस्थेत आज विश्वस्त कोण आहेत आणि त्यांतील किती जण एकाच घरातले आहेत, एवढे सांगा, मग परंपरेविषयी बोलू.

गोदातीर

तीन जण आमच्याच कुटुंबातील आहेत. त्यांपैकी एकानेही संस्थेकडून मानधन घेतलेले नाही. पण बाहेरच्या माणसाला यात काय दिसते, हे मला कळते, आणि इतकेच मान्य करायला मी तयार आहे. आपल्या वडिलांकडून पैसे घेणारा विश्वस्त तुरुंगात असायला हवा होता, याविषयी आपल्यात मतभेद नाही.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो आणि मराठवाड्यातील एका अनुदानित महाविद्यालयात शिकलो. मागणी झाली नाही म्हणून दिले नाही, असे माझ्याबाबतीत घडलेले नाही, कारण मी स्वतःहून द्यायला निघालो होतो. मी अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यामुळे माझा पैसा परकीय निधी ठरतो. तो घ्यायचा तर महाविद्यालयाच्या संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीचे खाते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतच हवे. आमच्या प्राचार्यांनी ही अट ऐकून हात जोडले. त्याच वेळी आयआयटीत शिकलेला माझा शेजारी अमेरिकेतील फाउंडेशनला संगणकावरून दोन मिनिटांत देणगी देतो आणि त्याला करसवलतही मिळते. भारतात राहणाऱ्या माझ्या भावाने नवी करप्रणाली निवडल्यामुळे त्याला देणगीवरची प्राप्तिकरातील (८०जी) वजावट मिळत नाही, म्हणून त्याचाही उत्साह मावळला. पवईकरांनी यालाही गुणवत्ता म्हणावे काय?

पवईकर

नाही, याला गुणवत्ता म्हणता येणार नाही. दूरदेशी यांनी सांगितलेली अडचण खरी आहे आणि ती माझ्या लिखाणात आली नव्हती. तरीही नीराकाठ यांच्या मूळ दाव्याशी मी सहमत नाही. देणगीदाराने कुठे द्यावे हे ठरवण्याचा अधिकार देणगीदाराचाच आहे, आणि ज्या संस्थेने आपल्याला घडवले तिला तो देणार, हे स्वाभाविक आहे.

नीराकाठ

अधिकाराविषयी माझे काहीच म्हणणे नाही. देणाऱ्याला वेगळा विचारही करता येतो, एवढे दाखवते. अमेरिकेतील अब्जाधीश दात्या मॅकेन्झी स्कॉट यांनी २०२० पासून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची ऐतिहासिक महाविद्यालये आणि कम्युनिटी कॉलेजे यांना मोठ्या रकमा दिल्या. त्या संस्थांशी त्यांचे विद्यार्थिनी म्हणून काही नाते नव्हते, आणि पैसा कशावर खर्च करावा याची अटही त्यांनी घातली नाही. दुसरीकडे न्यूयॉर्कचे माजी महापौर आणि उद्योगपती मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०१८ मध्ये आपल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाला १.८ अब्ज डॉलर दिले. तिथले विद्यार्थी आधीच भाग्यवान होते. पण ती रक्कम वास्तूसाठी नव्हती, गरजू विद्यार्थ्यांच्या शुल्कासाठी होती, आणि याच दात्याने पदवीनंतरच्या वर्षी पाच डॉलर देऊन सुरुवात केली होती. आमच्या पाचशेच्या पावत्यांचा मी एवढा आग्रह का धरते, ते यावरून कळावे.

तासिकेवरचे यांच्या बोलण्याने धागा भरकटला असे कोणाला वाटेल, मला तसे वाटत नाही. प्रवेशाच्या दारात ज्याच्याकडून पैसे उकळले, तो पुन्हा त्या दारात पाकीट घेऊन येणार नाही, आणि त्याची झळ आमच्यासारख्या पावती देणाऱ्या महाविद्यालयांनाही बसते. लोक आम्हालाही विचारतात, 'हा पैसा नक्की कुठे जातो?'

तासिकेवरचा

मग त्याचे उत्तर द्या. मी अनुदानित महाविद्यालयाला दरवर्षी थोडे पैसे द्यायला तयार आहे, पण आधी हिशेब.

नीराकाठ

रास्त आहे. देणगी देताना ती कायम निधीसाठी आहे असे लेखी कळवा, नाहीतर ती चालू वर्षाचे उत्पन्न धरली जाते आणि खर्चून जाते. लेखी कळवल्यास मुद्दल ठेवीत राहते आणि फक्त व्याज वापरले जाते. आपल्या देणगीची नोंद प्राप्तिकर खात्याकडे गेली की संस्थेने देणगीचे प्रमाणपत्र द्यायचे असते, ते मागून घ्या. आणि त्या वर्षीच्या व्याजातून किती विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क भरले गेले, हे विचारण्याचा हक्क पाचशे रुपये देणाऱ्यालाही आहे.

पवईकर

या शेवटच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, जरी सुरुवातीच्या तीन परिच्छेदांशी नाही. १९९८ च्या पदवीधरांची यादी मात्र अजून मिळालेली नाही.

नीराकाठ

ती यादी आमच्या सर्वसाधारण नोंदवहीत आहे, गावांच्या नावांसह. त्यांतील दूरध्वनी क्रमांक शोधण्याचे काम मी निवृत्त असूनही सोमवारपासून हाती घेते. आपल्या संस्थेच्या माजी विद्यार्थी कार्यालयाची पद्धत सविस्तर लिहून पाठवलीत तर ती वापरीन, आणि पहिला दूरध्वनी वास्तूसाठी करणार नाही.