टणक छत डिकीत जातं कसं? (जळगावातल्या एका सोसायटीचा ग्रुप)

बी-204, दादा (इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष): फेरारी 12 चिलिंद्री स्पायडरचा व्हिडिओ टाकलाय, सगळ्यांनी बघा. मे 2024 मध्ये मायामीत ही गाडी जगापुढे आणली. बटण दाबलं की टणक छत 14 सेकंदांत सीटांच्या मागे जाऊन बसतं, गाडी ताशी 45 किमीपर्यंत चालू असली तरी!

ए-101, नाना: मे महिनामा उघाडं छत लीसन कोठे जाशी रे भो?

बी-204, दादा: नाना, मे महिन्यात कोण उघडतंय! डिसेंबरात सकाळी पालला, सातपुड्यात.

सी-302, भाऊ (डेंटिंग-पेंटिंग): नाना, आपल्याकडे ऊन आणि धूळ आहे म्हणूनच टणक छत कामाचं. ते बंद केलं की गाडी चारचौघींसारखी, एसी लावा आणि चला. कापडी छत आपल्या उन्हात किती वर्षं रंग धरेल, ते तुम्हीच सांगा.

व्हिडिओ मी तीनदा बघितला. पोरं इंजिनाचा आवाज ऐकतात, 6.5 लिटरचं व्ही-12 आहे, 830 अश्वशक्ती, ऐकण्यासारखंच आहे. माझी नजर मात्र बिजागऱ्यांवरच जाते. आधी मागचं झाकण उचललं गेलं पाहिजे, मग छताने खाली जायचं, मग झाकण परत बसायचं. यातला एक भाग जरी आधी हलला तर रंगासकट पत्रा खरवडला जाणार. म्हणून आधीचं काम झाल्याची खूण मिळाल्याशिवाय पुढचं सुरूच होत नाही. त्यात रबरी पट्ट्या. छताला जोड आला की तिथून पाणी झिरपणार, वारा शिट्टी मारणार. तो जोड झाकण्यातच खरी कारागिरी आहे.

डी-103, डॉक्टर ताई: हे आत्ता निघालं का हो? मला वाटायचं, उघडी गाडी म्हणजे कापडीच छत.

बी-204, दादा: ताई, याचा माणूस तुमच्याच क्षेत्रातला आहे! जॉर्ज पोलॅं, फ्रान्सचा, दंतवैद्यकातला. त्याच्या कल्पनेवर प्यूजोने 1930 च्या दशकात एक्लिप्स गाड्या काढल्या. अख्खं छत मागे डिकीत जायचं. पहिल्यांदा विजेवर, नंतरच्या काही गाड्यांत हाताने. दुसऱ्या महायुद्धात तो नाझींच्या विरोधात गुप्तपणे काम करत होता. 1942 मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

डी-103, डॉक्टर ताई: अरे! हे ठाऊकच नव्हतं. दात बसवताना केसभर फरक पडला तरी पेशंटला लगेच कळतं. अशा हाताला छताचा जोड सुचला, हे मला अगदी पटतं. वाईट वाटलं वाचून.

ए-304, काका: अमेरिकेत फोर्डनेही केलं होतं ना? आम्ही वीज खात्यात होतो तेव्हा एका जुन्या मासिकात चित्र बघितल्याचं आठवतं.

बी-204, दादा: हो काका, स्कायलायनर. 1957 ते 1959. सगळं विजेच्या मोटरींवर, एका छतासाठी सुमारे 610 फूट वायर! तीन वर्षांत 48 हजारांच्या वर विकल्या.

ए-304, काका: 610 फूट? त्यातला एक फॉल्ट शोधायचा तर दिवस जाईल.

सी-302, भाऊ: म्हणून तर पुढे बऱ्याच जणांनी तेलाचा दाब वापरला. 1996 ची मर्सिडीज एसएलके, 25 सेकंदांत छत आत. मग 2000 साली प्यूजो 206 सीसी आली, साध्या छोट्या गाडीला तसं छत! माझ्या मते या कामाचा सगळ्यात चांगला काळ तो. कारखान्याने अवघड गोष्ट सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेली होती. पुढे बीएमडब्ल्यूची झेड4 सुद्धा 2018 मध्ये परत कापडावर गेली. कापड हलकं, स्वस्त आणि डिकीत जागाही कमी खातं. या फेरारीत बंद छताच्या गाडीपेक्षा 60 किलो वजन वाढलंय. कंपन्यांचा हिशेब मला कळतो, पण ही कला फक्त कोट्यधीशांच्या गाडीत उरावी हे बरं नाही. माझ्यासारख्याला ती उघडून बघायला तरी कुठे मिळणार?

डी-103, डॉक्टर ताई: अशी परवडणारी एकही राहिली नाही का?

बी-204, दादा: परदेशात माझदाची एमएक्स-5 आरएफ आहे ताई, 2016 मध्ये न्यूयॉर्कला दाखवली. छताला 13 सेकंद. भाऊ, एक विचारायचं होतं. माझ्या प्रोजेक्टला हेच घ्यायचंय, हाताने घडी होणारं छोटं छत. गॅरेजवर येऊ का?

सी-302, भाऊ: ये ना, रविवारी ये. आधी पुठ्ठ्याचे तुकडे आणि रिबिटा घे. कुठला सांधा कुठे वळतो ते पुठ्ठ्यावर जमलं, की मगच पत्र्याला हात लावायचा.

ए-101, नाना: मन्हाजोडे जुना कूलरना पत्रा पडेल शे, तो ली जाय रे भाऊ.

सी-302, भाऊ: चालेल नाना. गंजलेला भाग कापून टाकू, बाकीचा पुरेल.