मदत हवी आहे: साधे हेडफोन सोडून महागडे घेणं खरंच उपयोगाचं ठरेल का? (घरून ऑडिओबुक वाचन)

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत राहते आणि गेली तीन वर्षं घरूनच मराठी ऑडिओबुकं वाचते. पैसे तयार तासावर मिळतात, म्हणजे संपादन होऊन जेवढा तास शेवटी उरतो तेवढ्याचेच. एका तयार तासामागे माझे तीन-साडेतीन तास जातात. यातला निम्मा वेळ हेडफोन कानावर चढवून स्वतःचंच वाचन पुन्हा ऐकण्यात जातो, म्हणून हा निर्णय मला घाईने घ्यायचा नाही.

अडचण अशी झाली. मागच्या महिन्यात एका कादंबरीची दोन प्रकरणं परत आली. सातव्या प्रकरणावर एडिटरचा शेरा होता, ‘पूर्णवेळ खालून घूं असा आवाज आहे.’ अकराव्यावर होता, ‘तोंडाचे चटचट आवाज फार.’ मी दोन्ही प्रकरणं तीन-तीनदा ऐकली. मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नाही. शेवटी सांगलीच्या एका मैत्रिणीकडे गेले, ती लग्नाच्या व्हिडिओंचं ध्वनीचं काम करते. तिचे हेडफोन घातले आणि पहिल्या दहा सेकंदांत घूं ऐकू आलं. चटचटही आलं. ‘तरीही’ म्हणताना जीभ टाळूपासून सुटल्याचा आवाजसुद्धा आला. फार वाईट वाटलं, कारण असं किती पुस्तकांत गेलं असेल ते आता कळायचा मार्ग नाही.

सामान असं आहे: साधा कंडेन्सर माईक, दोन चॅनलचा यूएसबी इंटरफेस, पॉप फिल्टर. खोली म्हणजे माळ्याखालची अडगळीची जागा, तीन बाजूंना सासूबाईंच्या हातच्या गोधड्या टांगल्या आहेत. रेकॉर्डिंग करताना पंखा बंद. हेडफोन बंद पाठीचे, चार वर्षांपूर्वी दोन हजारांना घेतलेले. त्यांच्या कुशनचं काळं रेक्झिन सोलवटलंय, काम संपलं की कानामागे त्याचे तुकडे चिकटलेले असतात. दोन तासांनी कान घामेजतात आणि चष्म्याची काडी टोचायला लागते.

डोळ्यांसमोर दोन पर्याय आहेत. एक, बायरडायनॅमिकचे डीटी ७७० प्रो, मला पंधरा हजारांच्या आसपास पडतील. दुसरे सेन्हायझरचे एचडी ६००, त्यांना जवळजवळ दुप्पट पैसे लागतील. ज्याला विचारावं तो एचडी ६०० चं नाव काढतो. पण तेवढ्या रकमेसाठी मला दोन अख्खी पुस्तकं वाचावी लागतील. मुलगी यंदा दहावीला आहे, त्यामुळे हौस म्हणून तीस हजार बाजूला काढणं जमणार नाही. कामाला लागणार असतील तर मात्र काढीन.

महागड्यांनी कामात फरक पडतो की ऐकण्याच्या सुखात? ज्यांनी साध्यावरून चांगल्यावर उडी मारली आहे त्यांनी कृपया अनुभव सांगा.

प्रतिसाद १

ताई, एचडी ६०० उत्तम आहेत, १९९७ पासून लोक वापरताहेत ते उगाच नाही. पण ते उघड्या पाठीचे. आतला आवाज जाळीतून सरळ बाहेर येतो, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. तुम्ही वाचताना कानात स्वतःचा आवाज किंवा आधीचा टेक लावत असाल, तर तो वीतभर अंतरावरच्या माईकमध्ये शिरणार. वाचायला एक जोडी आणि तपासायला दुसरी अशी चैन असेल तरच तो पर्याय. शिवाय ते ३०० ओहमचे आहेत (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा, तो जास्त तितका हेडफोन वाजवायला जोर जास्त). यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या इंटरफेसवर चालतील, पण आवाजाचं बटण बरंच वर न्यावं लागेल.

धागाकर्तीचं उत्तर

मनापासून धन्यवाद. ही गोष्ट मला इतकी स्पष्ट कुणीच सांगितली नव्हती. चूक झाली की मी मागच्या दोन ओळी ऐकून त्याच सुरात पुढे वाचते, म्हणजे हेडफोन पूर्णवेळ चालू. उघड्या पाठीचे बाद झाले तर निम्मा प्रश्न सुटला.

प्रतिसाद २

ताई, बावीस वर्षं ध्वनिमुद्रणात आहे. नाटकं, श्रुतिका, आता मुख्यतः निवेदनं. तुमचं वर्णन वाचून एकच शंका येते आणि ती हेडफोनच्या किमतीची नाही, सोलवटलेल्या कुशनची आहे.

बंद पाठीच्या हेडफोनमध्ये खालचे सूर तुमच्यापर्यंत पोचतात ते कुशन कानाभोवती घट्ट बसतं म्हणून. जराशी फट राहिली की सगळ्यात आधी खालचा भाग निसटतो. डबा नीट बंद नसेल तर पापड सादळतात ना, तितकं सरळ कारण आहे. तुमचं रेक्झिन गेलंय, आतला फोम चार वर्षांत बसलेला असणार, वर चष्म्याची काडी दोन्ही बाजूंना फट पाडते. घूं ऐकू न येण्याला एवढं पुरेसं आहे. मैत्रिणीचे हेडफोन महाग असतील, पण त्यांची कुशनं धड होती हेही तितकंच खरं.

करून बघा. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यात टोन तयार करता येतो. १०० हर्ट्झचा (सेकंदाला १०० कंपनांचा, म्हणजे बराच खालचा) टोन बारीक आवाजात लावा आणि दोन्ही तळव्यांनी कप कानावर हलके दाबा. दाबल्यावर आवाज एकदम भरला तर फट आहे. मग चष्मा काढून तेच करा.

आता घूं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेची गुणगुण ५० वर किंवा तिच्या पटीत, १०० आणि १५० वर येते. ती माईकच्या वायरीतून येते, इन्व्हर्टरमधून येते आणि बऱ्याचदा लॅपटॉपच्या चार्जरमधून येते. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा, मग चार्जर लावून एक मिनिट. दोन्हींची पातळी मोजा. ऑडिबल या ऑडिओबुकांच्या सेवेसाठी पुस्तकं देणाऱ्यांना एसीएक्सची, म्हणजे तिथे पुस्तकं स्वीकारणाऱ्या मंचाची, अट असते की शांततेची पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली हवी (इथे शून्य म्हणजे रेकॉर्डिंगचा कमाल आवाज, उणे आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक), आवाजाची सरासरी उणे २३ ते उणे १८ मध्ये आणि शिखर उणे ३ च्या वर नको. तुमचा प्रकाशक वेगळा असला तरी हे आकडे डोळ्यांसमोर ठेवा. कान दमतात, मीटर दमत नाही. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ हर्ट्झच्या वर असतो, म्हणून ८० च्या खालचं फिल्टरने बिनधास्त कापलं तरी तुमच्या आवाजाला धक्का लागत नाही. १०० ची गुणगुण मात्र त्याने पुरती जाणार नाही, ती मुळातच थांबवावी लागते.

किमतीबद्दल. २०१७ साली जेरोन ब्रीबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं घेऊन निबंध छापला होता. कुठला सूर किती उठून येतो याचा आणि दुकानातल्या किमतीचा काही मेळ त्यांना दिसला नाही. याचा अर्थ महाग वाईट असा नव्हे. जास्तीचे पैसे बऱ्याचदा बांधणीला, सुट्या भागांना आणि आरामाला लागलेले असतात. ते तुम्हाला हवे असतील तर जरूर द्या, पण काय विकत घेतोय ते ठाऊक असू द्या.

दुकानात दोन जोड्या पडताळून बघाल तेव्हा दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. जी जोडी जराशी मोठ्याने वाजते तीच कानाला ‘स्वच्छ’ वाटते, याला भलेभले फसतात. आणि गाणं लावू नका, स्वतःचं अकरावं प्रकरण लावा.

प्रतिसाद ३

वरच्या दादांचं सगळं पटलं, पण आरामाला दुय्यम मानू नका असं मी म्हणेन. मी डोंबिवलीत घरून उपशीर्षकांचं काम करते, दिवसाला सहा तास कानावर. आधीच्या जोडीने डोकं इतकं आवळायचं की चार वाजता काम बंद. तीन वर्षांपूर्वी डीटी ७७० प्रो घेतले, ८० ओहमचे. कुशनं मखमली आहेत, घाम कमी येतो, चष्म्याची काडी त्यात रुतते आणि टोचत नाही. कुशनं सुटी मिळतात, घरी पाच मिनिटांत बदलता येतात. एक उणं सांगते, वायर कपातूनच निघते, वेगळी होत नाही आणि तीन मीटर लांब आहे. खुर्चीच्या चाकाखाली दोनदा आली. ८० चेच घ्या, २५० ओहमचे तुमच्या इंटरफेसवर बारीक वाजतील.

आवाज फार मोठा ठेवत नाही ना? प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तासांपर्यंत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, ९० वर गेलात तर तीच चार तासांवर येते. ऐकू येत नाही म्हणून आपण बटण फिरवत जातो आणि कळतही नाही. एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या, कानाच्या डॉक्टरांकडे अर्ध्या तासात होते.

धागाकर्तीचं उत्तर (नऊ दिवसांनी)

सगळ्यांनी इतका वेळ काढून लिहिलंत, त्यामुळे काय काय केलं ते सविस्तर सांगणं माझं कर्तव्य आहे.

आधी तळवे दाबून बघितले. १०० चा टोन अक्षरशः दुप्पट झाला. चष्मा काढल्यावर डावीकडे आणखी थोडा भरला. मग साडेसहाशेची नवी कुशनं मागवली. जुनी काढली तेव्हा फोम बोटाने दाबला, तो वर आलाच नाही, खड्डा तसाच राहिला. नवी बसवून सातवं प्रकरण लावलं आणि घूं आलं. माझ्याच दोन हजारांच्या हेडफोनवर.

मग चार्जरची परीक्षा. चार्जर लावून शांतता उणे ५२, बॅटरीवर उणे ६४. गुन्हेगार सापडला. आता दोन तास बॅटरीवर वाचते, मग चार्जिंगला लावून जेवते. सातवं प्रकरण नव्याने वाचून दिलं आणि ते एका फेरीत पास झालं.

अकराव्यातले चटचट मात्र नव्या कुशनांनीही नीट ऐकू येईनात. लक्ष देऊन ऐकले तर दहातले पाच-सहा. ऑडिओमेट्री करून घेतली, रिपोर्ट चांगला आला, तो जीवाला मोठा दिलासा.

मग एक गोष्ट केली. आमच्या मागच्याच गल्लीत तानपुरे बनवणारे एक काका आहेत, माहेरपासूनची ओळख. त्यांना जवारी लावताना, म्हणजे तारेचा झंकार नीट उमटावा म्हणून घोडी घासून जुळवताना, मी लहानपणापासून बघतेय. घोडीवरून कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, सुताचा जीव तारेखाली केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायची. तासन्‌तास तेच. मैत्रिणीचे हेडफोन दोन दिवस मागून आणले (तेही डीटी ७७० च निघाले, ८० ओहमचे) आणि दोन्ही जोड्या घेऊन काकांकडे गेले. भाच्याने दोन्हींचा आवाज सारखा केला. काकांनी डोळे मिटून घेतले आणि भाचा जोड्या बदलत राहिला.

सातव्याच्या जुन्या टेकला ते दोन्ही जोड्यांवर लगेच म्हणाले, ‘खाली कुणीतरी गुणगुणतंय.’ म्हणजे तिथे दोन हजार आणि पंधरा हजार सारखेच. अकराव्याला मात्र थांबले. माझ्या जोडीवर म्हणाले, ‘वाचणारी बरं वाचते.’ मैत्रिणीच्या जोडीवर म्हणाले, ‘बाई, वाचायच्या आधी पाणी पीत जा.’ प्रत्येक चटचटीला ते बोट उचलत होते. मी कागदावर खुणा करत होते. एडिटरने दाखवलेल्या सतरा जागांपैकी सोळा जागी त्यांचं बोट उठलं. माझ्या जोडीवर नऊ.

त्या दोन दिवसांत मीही त्यावर काम केलं. चार तास सलग ऐकलं, कान गरम झाले नाहीत. दहा-अकरा टक्क्यांवर तपासणीचा आवाज ठेवता आला, आधी मी फार वर ठेवत होते. ‘स’ जरा जास्तच धारदार ऐकू येतो, पण माझ्या कामाला ते सोयीचं आहे, कारण माझा ‘श’ कधीकधी शिट्टी मारतो.

तर एचडी ६०० चा विचार पूर्ण सोडला आहे. डीटी ७७० घ्यायचे, पण आता घाई उरलेली नाही. नव्या कुशनांवर काम भागतंय, चटचटींसाठी स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचं पडद्यावर दिसणारं चित्र) बघते आणि हो, पाणी पिते. सध्याचं पुस्तक संपलं की त्याचे पैसे आल्यावर घेईन. मैत्रिणीच्या ओळखीत एक जण ८० ओहमची वापरलेली जोडी नऊ हजारांना देतोय, दोन वर्षं जुनी. वापरलेले घ्यावेत का, आणि घेताना काय बघू?

प्रतिसाद २ लिहिणारे

काकांना माझा नमस्कार सांगा. असे कान शोधून सापडत नाहीत.

नऊ हजारांत चालतील, पण कुशनं नवी घालायचा खर्च धरूनच भाव करा. वायर कपापाशी धरून हळूहळू वाकवा, दोन्हीकडचा आवाज तुटता कामा नये. तिथेच ती पहिली जाते आणि दुरुस्तीला कप उघडावा लागतो. मग दोन्ही बाजूंना एकच आवाज जाईल असा टोन लावून खालपासून वरपर्यंत नेत जा. सूर डोक्याच्या बरोबर मधोमध राहिला पाहिजे, मध्येच एका कानाकडे सरकला तर ती जोडी सोडून द्या. हेडबँडचा पत्रा वाकलेला नसावा.

आणि जाताना अकरावं प्रकरण आणि रोजचा चष्मा, दोन्ही बरोबर न्या.